खतखड्डे मुलांच्या हाती द्यायचे का?

डी-२०५ (सेक्रेटरी): नमस्कार. मे महिन्यात आपल्या सोसायटीतल्या मुलांसाठी पाच दिवसांचं पर्यावरण शिबिर घ्यायचा प्रस्ताव आलाय. क्लबहाउसमध्ये पोस्टर रंगवणं, टाकाऊतून टिकाऊ, शेवटी प्रमाणपत्र. खर्च सांस्कृतिक निधीतून करायचा का? रविवारच्या मीटिंगआधी मतं कळवा.

बी-४०३: आमचा होकार. मुलं तेवढीच मोबाइलपासून लांब राहतील.

सी-७०२: माझं मत वेगळं आहे, जरा सविस्तर लिहिते. मागच्या गेटजवळचे ओल्या कचऱ्याचे तिन्ही खड्डे गेल्या पावसाळ्यापासून बंद पडलेत. वास येतो म्हणून बंद केले आणि आता सगळा ओला कचरा गाडीत जातो. आपल्याच आवारात एवढा जिवंत प्रश्न पडलेला असताना मुलांना हॉलमध्ये बसवून पृथ्वीचं चित्र कशाला रंगवायला लावायचं? हे खड्डे सातवी ते दहावीच्या मुलांनी मोठ्यांच्या देखरेखीखाली चालू करावेत. खत तयार व्हावं, ते बागेत जावं आणि हिशोबही मुलांनीच ठेवावा.

बी-२०१: अहो ताई, पैसे भरून शाळेत घालतो ती पोरं कचरा उपसणार? माळीदादा आहेत, हाउसकीपिंगची माणसं आहेत. आपल्या मुलांनी हे का करायचं?

सी-७०२: काकू, राग मानू नका, पण याच प्रश्नासाठी मला हे मनापासून हवंय. घरात आपण जे सोलतो, खातो, टाकतो, ते दुसऱ्याच कुणीतरी हाताळायचं हे मुलं न सांगता शिकतात. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी नई तालीम मांडली, तिचा गाभाच हाताच्या कामातून शिक्षण हा होता. सेवाग्रामच्या आनंद निकेतन शाळेत आजही शेती, स्वयंपाक, सूतकताई हा शिक्षणाचा भाग आहे. ती मुलं गणित-विज्ञानही शिकतातच.

बी-४०३: गांधीजींबद्दल आदर आहेच, पण ते खेड्यांसाठी होतं. इथे नववीपासून क्लासेस सुरू होतात.

सी-७०२: दादा, मी स्वतः शिरूर तालुक्यातल्या शाळेत आयबीटी (इंट्रोडक्शन टू बेसिक टेक्नॉलॉजी, म्हणजे हाताने काम करून मूलभूत तंत्रज्ञान शिकायचा विषय) शिकलेय. आमच्याकडे पाबळला विज्ञान आश्रम आहे. त्याचे संस्थापक डॉ. कलबाग अमेरिकेत इलिनॉयला पीएच.डी. झालेले, हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागातली नोकरी सोडून १९८३ मध्ये पाबळला आले. शाळेतून बाहेर पडलेल्या मुलांनाही हाताने काम करता करता शिकता येतं, हे त्यांना दाखवायचं होतं. तिथूनच आयबीटी शाळाशाळांत गेलं. आठवड्यातला एक दिवस, चार विभाग: अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन, गृह-आरोग्य. आम्ही मुलींनी वेल्डिंग केलं, वायरिंग केलं, माती तपासली, हिमोग्लोबिन तपासायला शिकलो.

सी-७०२: आणि त्यातली खरी गोष्ट राहिलीच. काम खोटं नसायचं. शाळेचा मोडका बाक दुरुस्त करायचा, तर त्यावर उद्या कुणीतरी बसणार असायचं. लोखंड किती लागलं, वेल्डिंगचे रॉड किती, मजुरी किती धरायची, सगळं वहीत लिहायचं. शेकडेवारी मला त्या वहीत कळली. शिबिरातली कागदी पिशवी घरी येते आणि आठवड्यात फेकली जाते. मुलांनाही कळतं की या वस्तूची कुणाला गरज नव्हती.

ए-१०१: उत्तम विचार. पण ताई, खड्डे वासामुळेच बंद पडलेत. मुलं काय वेगळं करणार?

सी-७०२: काका, वास येतो तो हवा न मिळाल्यामुळे. आपल्याकडे नुसता ओला कचरा ओतत होते, तो दबून चिखल व्हायचा. ओल्या कचऱ्याच्या प्रत्येक थरावर वाळलेला पाला हवा, आणि आपण तर पाला पोत्यात भरून बाहेर पाठवतो! आठवड्यातून दोनदा तरी उलथापालथ हवी. ओल बघायची सोपी रीत आहे: हातमोजा घालून मूठभर घेऊन दाबायचं. एखाददुसरा थेंब आला तर बरोबर, धार लागली तर पाला वाढवायचा. खड्डा नीट चालू असला की आतलं तापमान ५५-६० अंशांपर्यंत चढतं. ते रोज मोजून आलेख काढला की सूक्ष्मजीवांचा धडा वेगळा पाठ करावा लागत नाही.

ए-६०४: मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तापमानाचा सेन्सर मुलांकडूनच जोडून घेऊ शकतो, फार खर्च नाही. पाबळला अमेरिकेतल्या एमआयटीच्या मदतीने २००२ च्या सुमारास फॅब लॅब, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांनी वस्तू बनवायची कार्यशाळा, सुरू झाली, ती अमेरिकेबाहेरच्या अगदी पहिल्या लॅबपैकी. शहरात राहून आपल्याला एवढंही जमू नये का?

ए-१०१: मग पाण्याचंही मी बघतो. मुलांना गच्ची मोजायला लावा. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर १ लिटर पाणी. गच्ची ५०० चौरस मीटर धरली, पुण्याचा पाऊस ७०० मिलिमीटर धरला आणि वीस टक्के वाया गेलं म्हटलं, तरी २ लाख ८० हजार लिटर होतात. म्हणजे दहा हजार लिटरचे २८ टँकर. हे मुलांनी स्वतः काढून मीटिंगमध्ये मांडलं, तर गच्चीचं पाणी बोअरवेलमध्ये जिरवायला इथे कुणी नाही म्हणणार नाही.

बी-२०१: आकडा मोठा आहे हो! पण मुलांना काही लागलं, इन्फेक्शन झालं तर?

सी-७०२: रास्त काळजी आहे, काकू. हातमोजे, बंद बूट, काम झाल्यावर साबणाने हात धुणं सक्तीचं. जखम असेल त्या दिवशी काम नाही. दमा असलेल्या मुलांना उलथापालथ द्यायची नाही, त्यांनी मोजमाप आणि हिशोब करावा. डायपर, सॅनिटरी पॅड ओल्या कचऱ्यात आले तर मुलं हात लावणार नाहीत, आणि मग तो प्रश्न आपण मोठ्यांनी सोडवायचा. प्रत्येक वेळी दोन पालक हजर हवेत. जबरदस्ती कुणावर नाही.

बी-४०३: पण मग कचरा न्यायला येणाऱ्या ताईंचं काय? त्यांचं काम जायला नको.

सी-७०२: हे विचारलंत, फार बरं वाटलं. सुका कचरा त्यांचाच, भंगाराचे पैसे त्यांचेच, आणि दर घराचं शुल्कही चालूच राहील. उलट मला वाटतं, पहिला तास त्यांनीच घ्यावा, मानधन देऊन. कुठलं प्लॅस्टिक विकलं जातं, कुठलं कुणीच घेत नाही, हे त्या हात लावून सांगतात. आपल्यापैकी कुणाला येतं ते?

ए-६०४: सातवी-आठवीच्या पालकांनी क्लासची चिंता करू नये. नव्या शैक्षणिक धोरणातच सहावी ते आठवीसाठी दहा दप्तरमुक्त दिवस सुचवलेत, स्थानिक कारागिरांकडून शिकायला.

डी-२०५ (सेक्रेटरी): एक नियमाची बाजू. २०१६ च्या घनकचरा नियमांनुसार ५००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या संकुलांनी ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवायचा होता. आपलं आवार त्याहून मोठं आहे. म्हणजे ही जबाबदारी आपल्यावर आधीपासूनच होती, खड्डे चालू करायलाच हवेत. शिबिराचा प्रस्ताव तूर्त थांबवतो.

बी-४०३: ठीक आहे, पण आधी एकच खड्डा. दोन महिन्यांत वास आला तर बंद.

सी-७०२: मान्य. पण वास आला तर बंद करण्याआधी तो का आला हे शोधायला मुलांना आठवडाभर द्या. शिकणं तिथेच आहे.

बी-२०१: आमची नात येईल म्हणते. मीही बसेन खुर्ची टाकून. गावाकडे उकिरडा आम्हीच सांभाळायचो, गौरी-गणपतीत तिथल्याच खताची भाजी असायची. ताक शिंपडा अधूनमधून, लवकर कुजतं.

डी-२०५ (सेक्रेटरी): शनिवारी सकाळी ८ वाजता खड्डा क्रमांक १. माळीदादांना पाल्याची पोती बाहेर पाठवू नका म्हणून सांगितलंय. दोन फावडी आहेत, आणखी कुणाकडे असल्यास कळवा. लहान मापाचे हातमोजे कुठे मिळतात?

ए-६०४: हार्डवेअरच्या दुकानात मोठेच असतात. बागकामाच्या दुकानात विचारतो. किती मुलं येणार ते आज रात्रीपर्यंत इथेच लिहा.