1944 च्या फोर्ड जीपचे पाने कसे ओळखायचे

वणीकडच्या एका 1944 च्या फोर्ड जीपच्या मागच्या कप्प्यात निघालेले 13, 14, 17 मिमीचे पाने मूळचे नाहीत, कोणीतरी नंतर टाकलेत. या गाडीचे नट-बोल्ट इंचाच्या मापाचे. मूळ पान्यांवर 7/16, 1/2, 9/16 असे अपूर्णांक हवेत. फोर्डच्या बऱ्याच पान्यांवर 'एफ'चा ठसाही असतो. चकचकीत क्रोम दिसला तर शंका घ्या, युद्धात क्रोमची टंचाई होती. 1/2 म्हणजे 12.7 मिमी, म्हणून 13 चा पाना बसतो खरा, पण गंजलेल्या नटावर जोर लावला की कोपरे गोल होतात. 9/16 वर (14.29) 14 जातच नाही.

आठवडी बाजारात भंगारवाल्याकडे 'डब्ल्यू' लिहिलेले इंची पाने भरपूर मिळतात. ते घेऊ नका. 'डब्ल्यू' म्हणजे व्हिटवर्थ, जुनं ब्रिटिश माप; त्याचा आकडा बोल्टच्या जाडीचा असतो, पान्याच्या तोंडाचा नाही.

संचात काय काय हवं ते टीएम 9-803 या लष्करी पुस्तिकेत आहे. जुन्या पान्याला ग्राइंडर लावू नका, ठसा जातो. रात्रभर डिझेलमध्ये बुडवा, मग तारेचा ब्रश.

आणि चाकाचा पाना मिळाल्यावर लगेच जोर करू नका: डाव्या चाकांचे नट उलट्या आट्याचे (घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवल्यावर सुटणारे) आहेत, चुकीकडे फिरवाल तर स्टड तुटेल.