मदत हवी आहे: रंधा मशीनच्या टेबलाला हात लावला की झिणझिण्या येतात

सिडको_सुतारकाम
नमस्कार. नाशिकच्या सिडको भागात आमचे रो हाऊस आहे आणि त्याच्या पार्किंगमध्ये मी हौसेने लाकूडकाम करतो. पाऊस सुरू झाल्यापासून रंधा मशीन चालू असताना तिच्या लोखंडी टेबलाला हात लागला की बोटांना झिणझिण्या येतात आणि टेस्टरही मंद पेटतो. एमसीबी (मीटरजवळचा आपोआप बंद होणारा स्विच) एकदाही पडलेला नाही, त्यामुळे वायरिंगमध्ये दोष नसावा. बहिणीचे देवघर रविवारपर्यंत पूर्ण करून द्यायचे आहे. मोटर बदलावी की साफ करून भागेल, एवढेच कृपया लवकर सांगावे.

निवृत्त_फिटर_सातपूर
आधी प्लग काढून ठेवा आणि मग पुढचे वाचा. एमसीबी फक्त जादा भार आणि शॉर्ट सर्किट ओळखतो. सोळा अँपिअरचा एमसीबी पडायला १६,००० मिलिअँपिअरहून अधिक प्रवाह लागतो. माणसाचे स्नायू मात्र साधारण १० मिलिअँपिअरच्या पुढेच आखडतात आणि धरलेली वस्तू सुटत नाही. प्लग तीन पिनांचा आहे का, मध्ये एक्स्टेन्शन बोर्ड आहे का, असल्यास त्याची वायर दोन तारांची की तीन, आणि घरात आरसीसीबी (थोडी गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) आहे का, हे कळल्याशिवाय मोटरबद्दल बोलण्यात अर्थ नाही.

पंचवटीकर
माझ्याकडेही असेच होत होते. रविवार कारंजावरून जाड रबरी मॅट आणून मशीनसमोर टाकली, तेव्हापासून काहीही त्रास नाही. उगाच मोटर उघडत बसू नका.

निवृत्त_फिटर_सातपूर
पंचवटीकर, मॅटमुळे तुमचे पाय जमिनीपासून वेगळे झाले, पण गळती तिथेच राहिली. एक हात टेबलावर असताना दुसरा हात ओल्या भिंतीला किंवा खिडकीच्या ग्रिलला लागला, तर प्रवाह थेट छातीतून जाईल. कृपया हा उपाय म्हणून सुचवू नका.

रंधा_आणि_पटाशी
टेस्टर मंद पेटणे म्हणजे बॉडीत करंट आहेच असे नव्हे. अर्थिंग नसलेल्या लोखंडी बॉडीवर जवळच्या तारांच्या नुसत्या प्रेरणेनेही (इंडक्शनने) निऑन टेस्टर पेटतो आणि डिजिटल मल्टिमीटरही फसवे व्होल्टेज दाखवतो. माझ्या मते फार घाबरण्यासारखे काही नाही.

निवृत्त_फिटर_सातपूर
टेस्टरबद्दल आपले म्हणणे बरोबर आहे, निष्कर्ष मात्र मान्य नाही. पाऊस सुरू झाल्यावरच त्रास सुरू झाला, म्हणजे ओलाव्याशी संबंध उघड आहे. मेगरने (इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या मीटरने) तपासून खात्री होईपर्यंत त्या बॉडीत करंट आहे असेच समजावे.

गंगापूर_रोड
मशीन चालवताना एन-९५ मास्क लावता का? लाकडाची धूळ कर्करोगाला कारण ठरते, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने म्हटले आहे. शिवाय रंध्यावर हातमोजे घालू नयेत, कारण फिरत्या पात्यात मोजा अडकला तर हातही ओढला जातो.

सिडको_सुतारकाम
धुळीविषयी मी विचारलेले नाही. प्लग तीन पिनांचा आहे. हॉलमधल्या सॉकेटवरून बोर्ड ओढला आहे आणि त्याची वायर दोन तारांची आहे. आरसीसीबी आहे, पण गेल्या पावसाळ्यात तो सारखा पडू लागल्याने वायरमनने बायपास करून दिला. मोटरचे उत्तर अजून मिळालेले नाही.

निवृत्त_फिटर_सातपूर
आता चित्र स्पष्ट झाले. बोर्डाची वायर दोन तारांची असल्यामुळे प्लगची तिसरी पिन कशालाच जोडलेली नाही. मोटरच्या टर्मिनल बॉक्समध्ये (वायर जोडतात त्या डबीत) साचलेला भुसा दमट होऊन थोडी गळती बॉडीवर येत असावी आणि तिला जमिनीत जायला तुमच्याखेरीज वाट नाही. ज्या ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीने अशा वेळी पुरवठा तोडायचा, तोच काढून टाकलेला आहे. गेल्या वर्षी तो बिघडला म्हणून पडत नव्हता, कुठेतरी गळती आहे हे तो सांगत होता.

मोटर आज बदलू नका. परवानाधारक वायरमनकडून टर्मिनल बॉक्स उघडून साफ करून घ्या आणि ५०० व्होल्टच्या मेगरने वाइंडिंग ते बॉडी असा रोध मोजून घ्या. तो एक मेगाओमपेक्षा कमी आला तर मोटर वाळवून पुन्हा मोजावी. तरीही वाढला नाही तरच रिवाइंडिंगचा विचार करावा. वायर तीन तारांची, २.५ चौरस मिलिमीटरची घ्या. अर्थिंगचा खड्डाही तपासून घ्या, कारण आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी वरच्या मातीखाली लगेच मुरूम आणि काळा खडक लागतो आणि उथळ खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो. सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात तारेचा तुकडा टाकून ‘अर्थिंग’ करून देण्याची खोड काहींना असते, ती अजिबात चालवून घेऊ नका. पुढे कुठे न्यूट्रल तुटला तर मशीनची सगळी बॉडी २३० व्होल्टवर येईल. तोवर फळ्या हातरंध्याने साफ करा.

सिडको_सुतारकाम
वायरमन येऊन गेले. टर्मिनल बॉक्समध्ये ओला भुसा गच्च भरला होता आणि केबल आत जाते तिथले रबर गायब होते. साफ करून वाळवल्यावर मेगरचे रीडिंग समाधानकारक आले. नवी वायर आणि अर्थिंगही झाले. परंतु आरसीसीबी पुन्हा जोडल्यावर मशीनचा प्लग काढलेला असतानाही पडतो. आता काय करावे?

निवृत्त_फिटर_सातपूर
म्हणजे मशीनशिवाय घरात दुसरी गळतीही आहे. सगळे एमसीबी खाली करून आरसीसीबी चढवा आणि एकेक एमसीबी वर करत जा. ज्यावर तो पडेल त्या सर्किटवरचा पार्किंगचा दिवा, गीझर किंवा पाण्याची मोटर तपासा. सगळे एमसीबी खाली असतानाही पडत असेल तर कुठेतरी न्यूट्रल अर्थला लागलेला असू शकतो. सिंगल पोल एमसीबी न्यूट्रल तोडत नाही, म्हणून मेन स्विच बंद करून न्यूट्रल लिंकवरची (सगळ्या न्यूट्रल तारा जोडलेल्या पट्टीवरची) एकेक तार वायरमनकडूनच सोडवून पाहावी लागेल.