विलोपन, झाकोळ की काजळी?

मीराबाग: एका अंकासाठी दीर्घिकांमधल्या (गॅलक्सींमधल्या) धुळीवरचा लेख मराठीत आणतेय आणि 'एक्स्टिंक्शन'पाशी गाडी अडलीय. वाटेतल्या धुळीमुळे ताऱ्यांचा प्रकाश मंदावतो, तो प्रकार. 'तारकाप्रकाशाचे विलोपन' लिहिलं. सासऱ्यांनी खर्डा वाचून विचारलं, "म्हणजे तारे डायनासोरसारखे गेले?" दुसरा शब्द सुचवा.

जुना वाचक: विलोपन ठेवा. पारिभाषिक शब्द आधी टोचतो, मग रुळतो. सासऱ्यांना विचारून कोश होत नसतात.

कंदीलवाला: 'काजळणे' घ्या की. लहानपणी कंदिलाची काच काजळली की ज्योत तेवढीच, पण उजेड तांबूस आणि अर्धा. आजी राखेनं काच पुसायची. दीर्घिकेत वेगळं काय होतं? आणि त्या धुळीत कार्बन असतोच, म्हणजे काजळीच झाली.

अवकाशवेडी: सिलिकेटही असतं, म्हणजे वाळूचं चुलत भावंड! तांबूसचं मात्र बरोबर. कण मायक्रॉनहून बारीक, निळा प्रकाश जास्त अडवतात, तांबडा त्यातून निसटतो. मीराताई, या तांबूसपणाला 'ताम्रसृती' लिहू नका हं. ती म्हणजे रेडशिफ्ट, विश्व प्रसरण पावल्यामुळे होते, तिचा धुळीशी संबंध नाही.

आणि विलोपन का नको ते सांगते. धूळ काही प्रकाश इकडेतिकडे उधळते, काही गिळते. गिळलेला इन्फ्रारेडमध्ये परत बाहेर टाकते. भुजंग तारकासमूहातली आर्प २२० दीर्घिका जवळपास सगळी ऊर्जा अशीच देते. लोपलं काय त्यात?

जुना वाचक: डोळ्यापुरतं लोपलं. सूर्य 'बुडाला' म्हणताना कुणी विहिरीत बघत नाही.

खानदेशी ठसका: मुळात याला धूळ का म्हणता? धूळ खाली बसते. तरंगतो तो खकाणा.

पंढरीची वाट: आमच्याकडे फुफाटा.

खानदेशी ठसका: अहो, फुफाटा तापलेला असतो. 'आगीतून फुफाट्यात' उगाच म्हणतात का?

अवकाशवेडी: मग फुफाटा बाद. आपल्या आकाशगंगेतली बरीचशी धूळ २० केल्विनच्या आसपास, म्हणजे उणे २५० सेल्सिअस!

मीराबाग: धुळीचं राहू द्या हो. 'झाकोळ' कसा वाटतो?

कंदीलवाला: झाकणं अधिक ओळ, झाकोळ. उत्तम.

जुना वाचक: ही व्युत्पत्ती तुम्ही आत्ता चहा पिताना केलीत. शिवाय झाकोळात उजेड थोडा तरी राहतो.

अवकाशवेडी: आकाशगंगेच्या केंद्राकडे बघा, तिथे दृश्य प्रकाश सुमारे ३० प्रतींनी मंदावतो (प्रत म्हणजे ताऱ्याची तेजस्विता मोजायचं माप). दर अडीच प्रतींना दहावा हिस्सा, म्हणजे एक लाख कोटी प्रकाशकणांतला एक पोचतो. याला झाकोळ म्हणणार?

कंदीलवाला: म्हणून म्हणतो, काजळी.

जुना वाचक: काजळी पुसता येते. ही पुसायला तुमची आजी पाठवणार का?

पंढरीची वाट: आजीवरून आठवलं, राखेनं काच पुसली की चरे पडतात. आम्ही कागद वापरायचो.

मीराबाग: सासऱ्यांना हे सगळं वाचून दाखवलं. ते म्हणतात, खकाणा मिरच्या कुटताना उडतो, आकाशात नाही. अंक शुक्रवारी छपाईला जातोय.