शब्दचर्चा : बेपर्वा, निर्भीड, की आणखी काही?

प्रश्न : लोकांच्या मताचे ओझे ज्याच्या मनावरून उतरले आहे, अशा माणसाला मराठीत नेमके काय म्हणावे? 'बेपर्वा' लिहिले तर तो बेजबाबदार वाटतो. 'निगरगट्ट', 'कोडगा' या तर शिव्याच. चांगल्या अर्थाचा शब्द नाहीच का?

उत्तर : 'निर्भीड' आहे की. 'निर्भय'च्या जागी वापरून आपणच तो बोथट केला. भीती वाटते ती इजा करू शकणाऱ्याची. भीड पडते ती बहुधा आपल्याच माणसाची. उसने मागणाऱ्या मित्राला 'नाही' म्हणवत नाही, तेव्हा आपण त्याला घाबरलेलो नसतो. त्याच्या नजरेतून उतरू, एवढाच संकोच असतो. 'भीड भिकेची बहीण' म्हणतात ते यासाठीच. क्रियापदेही बघा: भीड पडते, कुणी भीड घालतो, कधी ती मोडावी लागते, कधी हळूहळू चेपते. मला 'चेपणे' फार खरे वाटते. पहिल्या नकाराला घशाला कोरड पडते, पाचव्याला आवाज स्थिर असतो.

प्रश्नकर्ता : पटले. पण 'निर्भीड' म्हटले की स्पष्टवक्ता डोळ्यांसमोर येतो. मला तो माणूस गप्प बसलेला असतानाही मोकळा हवा आहे.

आणखी एक उत्तर : मग तुकोबांची ओळ घ्या: 'सत्य असत्याशी मन केले ग्वाही । मानियेले नाही बहुमता ॥' यातले बहुमत मतदानातले नव्हे. अनेकांचे मत, इतकाच अर्थ. खरा शब्द आहे 'ग्वाही'. फारसीतून आलेला, अर्थ साक्षीदार. आज आपण 'ग्वाही देतो' म्हणजे खात्री देतो, पण इथे मनालाच साक्षीला उभे केले आहे. कोडगा आणि मोकळा यांतला फरक मला इथे सापडतो. कोडग्याकडे साक्षीदारच उरलेला नसतो. मोकळ्याने तो फक्त बाहेरून आत आणलेला असतो.

'जनाची नाही तर मनाची तरी' हे आपण नेहमी खडसावायलाच वापरतो. खरे तर तुम्हाला हव्या असलेल्या माणसाचे वर्णन त्यातच आहे. ('निःसंकोच' नको. तो एका प्रसंगापुरता असतो.)

प्रश्नकर्ता : 'बेपर्वा' खोडले. आता वाक्य असे आहे: 'जनाची भीड चेपली होती, मनाची लाज शाबूत होती.' एका शब्दाचा हट्ट सोडला.