मुलुंडच्या घराचं काम अर्धवट टाकून कंत्राटदार गेला, कारवाई कुठे होते?

प्रेषक: वृषाली (फ्रीमाँट, कॅलिफोर्निया; सध्या मुलुंड पूर्व)

नमस्कार मंडळी,

तीन आठवड्यांपूर्वी मी मुलुंडला आले ती सणासाठी नाही, आई-बाबांच्या घराचं अडकलेलं काम मार्गी लावायला. जरा सविस्तर लिहिते, कारण आपल्या या ईमेल यादीवर बऱ्याच जणांचे आई-वडील मुंबईत एकटे राहतात आणि आपण अमेरिकेतून पैसे पाठवून तिथे कामं करवून घेतो.

अक्षय तृतीयेला नारळ फोडून काम सुरू झालं. बाथरूम, स्वयंपाकघराचा ओटा, नवीन लादी, जुनं वायरिंग बदलणे. सगळं मिळून ८,२०,००० रुपये आणि मुदत ४५ दिवस. सुरुवातीला २,५०,००० दिले, तोडफोड झाल्यावर १,५०,०००, आणि १४ जूनला "लादी उचलायची आहे, आजच पैसे लागतील" म्हणून १,६०,०००. सगळे पैसे माझ्या खात्यातून गेले. त्यानंतर चार-पाच दिवसांत माणसं यायची बंद झाली. आधी कारागीर गावाला गेले होते, मग लादी गोदामात आली होती, मग त्याच्या घरी कुणी आजारी होतं. ऑगस्टपासून फोन बंद.

मी घरात पाऊल टाकलं तेव्हा बाथरूममध्ये नुसता उघडा स्लॅब होता. भिंतीला पाइपसाठी खाचा मारलेल्या, एका पाइपच्या तोंडाला प्लॅस्टिकची पिशवी बांधलेली, नहाणी ट्रॅपच्या (पाणी वाहून जायच्या तोंडाच्या) जागी भोक. हॉलमध्ये डेब्रिजच्या बावीस गोण्या, त्यांवर आईने जुनी साडी पसरलेली, धूळ उडू नये म्हणून. संडास वेगळा आहे आणि तो त्याने अजून फोडला नव्हता, एवढंच नशीब. आई ७४ वर्षांची. ती गेले तीन महिने शेजारच्या काकूंकडे आंघोळीला जाते, बादली, साबण, टॉवेल घेऊन, आणि त्यांच्या सुनेची ऑफिसची वेळ टाळून. एक्केचाळीस वर्षांत पहिल्यांदा आमचा गणपती या घरात बसला नाही, डोंबिवलीला भावाकडे बसवला. बाबा त्याबद्दल काही बोलत नाहीत, आणि ते न बोलणंच मला जास्त लागतं.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. पैसे परत कसे मिळतील, आणि या माणसावर काही कारवाई होऊ शकते का? तो याच भागात दुसरीकडे काम करतोय असं वॉचमन सांगतो.

वृषाली

प्रेषक: शशांक (सॅन होजे)

वृषाली,

वाचून फार वाईट वाटलं. आमच्या स्वयंपाकघराचं असंच झालं होतं, दोन वर्षांपूर्वी. जुनी कपाटं उतरवली, ड्रायवॉल (जिप्समची पातळ भिंत) फोडली आणि माणूस गायब. फरक इतकाच की इथे त्याच्याकडे लायसन्स होतं आणि ते काढून घेणारं कुणीतरी होतं.

कॅलिफोर्नियात कॉन्ट्रॅक्टर्स स्टेट लायसन्स बोर्ड आहे. बिझनेस अँड प्रोफेशन्स कोडचं कलम ७१०७ एका वाक्याचं आहे: कायदेशीर कारणाशिवाय काम सोडून जाणं हेच शिस्तभंगाच्या कारवाईला पुरेसं कारण. एका कामाचे पैसे दुसरीकडे वळवले तर ७१०८. मी ऑनलाइन तक्रार केली. बोर्डाने आधी त्याला समेटाची संधी दिली, तो आला नाही, मग तपास झाला. त्यांचा तज्ज्ञ घरी येऊन काय झालंय, काय राहिलंय आणि पूर्ण करायला किती लागेल याचा अहवाल लिहून गेला. अशा प्रकरणात दंड होतो, काम दुरुस्त करून देण्याचा आदेश होतो, लायसन्स निलंबित किंवा रद्द होतं, आणि ते सगळं बोर्डाच्या साइटवर त्याच्या नंबरासमोर दिसतं. बोर्ड म्हणजे कोर्ट नव्हे, नुकसानीचा सगळा पैसा ते वसूल करून देत नाहीत. मला थोडे पैसे त्याच्या बाँडमधून, म्हणजे कंत्राटदाराला द्यावी लागते त्या हमीतून, मिळाले. तो बाँड २५,००० डॉलरचा, आणि त्यावर हक्क सांगणारा मी एकटाच नव्हतो.

तू पहिल्याच दिवशी तीस टक्के दिलेस. इथे घरदुरुस्तीच्या करारात दहा टक्के किंवा १,००० डॉलर, यांपैकी जे कमी असेल त्याहून जास्त आगाऊ मागणं हाच गुन्हा आहे, आणि पुढचे हप्तेही झालेल्या कामापेक्षा जास्त घेता येत नाहीत. तुला दोष देत नाही. मुंबईत असंच चालतं हे मलाही ठाऊक आहे.

एक मात्र तिथेही उपयोगी पडेल. तपासात मला पहिला प्रश्न आला, "तो गेला की तुम्ही त्याला काढलंत?" कारण त्याचं म्हणणं होतं की मीच पैसे अडवले आणि कुलूप बदललं. मी त्याला ठरावीक तारखेपर्यंत कामावर परत या असं लेखी कळवलं होतं, त्या एका ईमेलवर सगळं तरलं. तेव्हा दुसरा कडिया (गवंडी) आत घेण्याआधी या माणसाला लेखी बोलाव.

शशांक

प्रेषक: वृषाली

शशांकदादा, मनापासून आभार. मी त्याला अजून लेखी काहीच दिलेलं नाही, सगळं फोनवर आणि व्हॉट्सॲपवर.

काल दोन गोष्टी घडल्या. ज्या दुकानाचं लादीचं कोटेशन त्याने आम्हाला दाखवलं होतं तिथे जाऊन आले. ऑर्डर बुकच झालेली नाही, एक रुपयाही भरलेला नाही. आणि संध्याकाळी त्याचा कडिया दारात उभा. पश्चिम बंगालमधल्या मालद्याकडचा, पंचविशीतला मुलगा. आईला वाटलं काम सुरू होतंय. तो त्याची थापी आणि लेव्हलचा पाइप न्यायला आला होता. त्याचीही सतरा दिवसांची मजुरी बुडाली आहे. आईने त्याला चहा-पोहे दिले आणि तो बाथरूमच्या दारात उभा राहून कुठे काय अर्धं आहे ते मला बोट दाखवून सांगत बसला.

मुंबईत असं लायसन्स बोर्ड नाहीच का?

प्रेषक: संजय (सनीव्हेल)

वृषाली, स्पष्ट लिहितो, राग मानू नकोस. माझ्या ठाण्याच्या घराच्या वेळी मी दोन वर्षं या भानगडीत घालवली. पैसे गेले समज, दुसरा माणूस बघ, आई-बाबांचं बाथरूम पूर्ण कर आणि परत ये. तुझी रजा किती उरलीय?

प्रेषक: माधवी (दादर)

वृषाली, बाळा,

मी परत येऊन नऊ वर्षं झाली, वकिली सोडली, पण या विषयावर गप्प बसवत नाही. संजय म्हणतो तसं बाथरूम लवकर व्हायलाच हवं. पण पैसे गेले समज हे मला मान्य नाही. तो माणूस आज शेजारच्या गल्लीत दुसऱ्या म्हाताऱ्या जोडप्याचं बाथरूम फोडत असेल, तो आपण सगळ्यांनी "गेले समज" म्हटलं म्हणूनच.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर: खासगी घरदुरुस्ती करणाऱ्या कंत्राटदाराला इथे लायसन्सच लागत नाही, त्यामुळे काढून घ्यायला काही नाही. सरकारी कामं घेणाऱ्याची पीडब्ल्यूडीकडे, म्हणजे सार्वजनिक बांधकाम खात्याकडे, नोंदणी असते, त्याला काळ्या यादीत टाकता येतं. नळजोडणीच्या कामासाठी प्लंबरला पालिकेचा परवाना असतो. आर्किटेक्ट असता तर १९७२ च्या कायद्याखाली कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे गैरवर्तनाची तक्रार करता आली असती. घर फोडून बांधून देतो म्हणणारा माणूस यांपैकी कशातच बसत नाही. कुणी तुला महारेराकडे जा म्हणेल, तिथेही जाऊ नकोस, ते बिल्डर आणि एजंटसाठी आहे.

आपल्याकडे हत्यार आहे ते ग्राहक संरक्षण कायदा, २०१९. पैसे घेऊन काम न करणं ही सेवेतली त्रुटी. पैसे तू दिलेस आणि सेवा बाबांच्या घरासाठी होती, तरी चालतं. तुझ्या संमतीने सेवा घेणारे म्हणून बाबाही ग्राहकच, तेव्हा तक्रार त्यांच्या नावे कर. कंत्राटदार कुठेही राहत असो, तक्रारदार जिथे राहतो तिथे ती करता येते, म्हणजे तुमच्यासाठी मुंबई उपनगर जिल्हा ग्राहक आयोग, वांद्रे पूर्व. दोन वर्षांची मुदत आहे. दिलेली रक्कम पाच ते दहा लाखांत, म्हणून फी फक्त २०० रुपये. तक्रार ऑनलाइन भरता येते, वकील सक्तीचा नाही, आणि व्हिडिओवर सुनावणीची सोय कायद्यातच आहे, म्हणजे तू फ्रीमाँटहून बाबांसोबत बसू शकशील. कागदोपत्री तीन महिन्यांत निकाल लागायला हवा. प्रत्यक्षात जास्त लागतात, ते मी लपवणार नाही. मात्र आदेश पाळला नाही तर एक महिना ते तीन वर्षं कैद, किमान २५,००० रुपये दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे.

पोलिसांत गेलीस की "हा दिवाणी मामला आहे" ऐकायला मिळेल. ते नेहमीच चूक नसतं. काम अर्धवट टाकलं एवढ्याने फसवणूक होत नाही, पैसे घेतानाच मनात खोट होती हे दाखवावं लागतं. म्हणून लादीचं ते कोटेशन सोन्यासारखं जप. कधी न दिलेल्या ऑर्डरसाठी १,६०,००० घेतले, हे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ कडे, म्हणजे फसवणुकीकडे, जाणारं आहे. दुकानदाराकडून दोन ओळी लेखी घे. मग पोलीस ठाण्यात लेखी अर्ज दे आणि पोच घेतल्याशिवाय उठू नकोस.

आता शशांकने जे सांगितलं तेच मी दुसऱ्या बाजूने सांगते. तो कधी गेला, हे कोण सांगणार? सोसायटीच्या गेटवरचं रजिस्टर. कामगार रोज सही किंवा अंगठा करून आत येतात. मे-जूनच्या पानांच्या प्रती सेक्रेटरींच्या सही-शिक्क्यासह मागून घे. मग पंधरा दिवसांची मुदत देणारी नोटीस, स्पीड पोस्टाने पोचपावतीसह, आणि तीच व्हॉट्सॲपवर. त्याच्या व्हिजिटिंग कार्डावर पत्ता नसेल तर त्याने तुम्हाला दिलेल्या कोटेशनवर त्याचा जीएसटी नंबर आहे का बघ. जीएसटीच्या साइटवर तो टाकला की कायदेशीर नाव आणि धंद्याचा पत्ता निघतो. मुदत संपली की काम सुरू करण्याआधी इंजिनिअर बोलावून मोजमाप आणि खर्चाचा अहवाल करून घे, तारखेसह फोटो काढ. एकदा नवी लादी बसली की खालचं काय होतं ते कुणालाच सिद्ध करता येत नाही.

आणि त्या कडियाचा नंबर घेतलास ना? त्याने तीन महिन्यांपूर्वी काय सोडलं ते त्याच्या हाताला ठाऊक आहे.

माधवीताई

प्रेषक: वृषाली

माधवीताई, तुमची मेल छापून बाबांनी फाइलच्या पहिल्या पानावर लावली आहे. संजय, राग नाही. रजा वाढवून घेतली.

रजिस्टरमध्ये शेवटची नोंद १८ जूनची निघाली. १९ तारखेपासून एकही माणूस नाही, म्हणजे लादीचे पैसे घेतल्यावर फक्त चार दिवस. जीएसटी नंबरवरून भांडुपचा पत्ता मिळाला. नोटीस गेली, पोचपावतीवर त्याचीच सही आली, माणूस आला नाही. सोळाव्या दिवशी इंजिनिअर आले. त्यांच्या हिशोबाने झालेलं काम १,७०,००० रुपयांचं, म्हणजे ३,९०,००० त्याच्याकडे जास्त गेलेत. पोलीस ठाण्यात अर्जाची पोच मिळाली, पुढचं अजून काही नाही. आयोगाकडे बाबांची तक्रार काल भरली. त्यात मजुरांच्या बुडालेल्या पैशांचा उल्लेख केलाय आणि कडियाने प्रतिज्ञापत्रावर सही केली.

पुढचं काम आम्ही त्याच मुलाला दिलं, रोजावर. दर शनिवारी झालेलं काम बघून पैसे, आगाऊ काही नाही, सिमेंट आणि लादी आम्ही स्वतः आणतो. त्याने ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा थर) घातला, वॉटरप्रूफिंग केलं आणि गळती होते का बघायला ट्रॅप बंद करून ४८ तास पाणी तुंबवून ठेवलं. त्या दोन दिवसांत बाबा चार वेळा खालच्या मजल्यावर जाऊन आले. चौथ्या वेळी खालच्या काकांनी स्टूल दिलं, बाबांनी त्यावर चढून छताला हात लावला. कोरडं होतं.

सुनावणीची तारीख आली की कळवते.

वृषाली