मदत हवी आहे: भाऊ एमडीच्या नादी लागलाय, सांगली-मिरजेत कुणाला दाखवावं?

नमस्कार मंडळी. मावसभाऊ, वय २२, विश्रामबागला राहतो. पार्टीत मित्रांनी दिली म्हणून एमडी, म्हणजे मेफेड्रोन, ओढायला लागला. २०२४ मध्ये कुपवाडात साठा सापडला तेव्हा आम्ही पेपर वाचून नुसते हळहळलो होतो.

रात्र रात्र जागा, मग दिवसभर मेल्यासारखा झोपतो. जबडा सारखा आवळलेला, ताटातली भाकरी तशीच. बोटं गार, मधूनच नाकातून रक्त. छाती धडधडते म्हणतो. आता तर खिडकीतून कोणीतरी बघतंय म्हणून पडद्यांना पिना लावून ठेवल्यात. मावशीला वाटतंय बाहेरचं झालंय, ती अंगारा लावतेय. तिला समजावणं हा वेगळाच ताप!

या नशेचा अंमल लवकर उतरतो, म्हणून एकाच रात्रीत पुन्हा पुन्हा घेतली जाते आणि ठोके, बीपी वाढून हृदयावर ताण येतो. छातीत दुखलं, अंग भट्टीसारखं तापलं किंवा फिट आली तर थेट कॅज्युअल्टी गाठायची, एवढं घरात ठरलंय. व्यसनमुक्तीची १४४४६ ही हेल्पलाइनही माहीत आहे.

पण आधी मानसोपचारतज्ज्ञ की केंद्र? हा संशय नशा सोडल्यावर जातो का, की गोळ्या लागतातच? पोलिसांच्या भीतीने तो दवाखान्याचं नावच काढू देत नाही. अमली पदार्थांच्या कायद्यात (एनडीपीएस) कलम ६४अ मध्ये स्वतःहून उपचार घेणाऱ्याला संरक्षण आहे म्हणतात, कुणाला प्रत्यक्ष अनुभव आहे का? मारझोड करून डांबून ठेवणारं केंद्र कृपया सुचवू नका. इनबॉक्समध्ये सांगितलंत तरी चालेल.