साधारण क्वार्टरबॅक बदलावा की चालवून घ्यावा?

मिनेसोटाकर:
मंडळी, इथे एनएफएल (अमेरिकन फुटबॉलची लीग) बघणारं कोणी आहे का? आमच्या वायकिंग्जनी 2024 ला क्वार्टरबॅक (पास टाकून टीमचा हल्ला चालवणारा) सॅम डार्नल्डला एका वर्षासाठी 10 मिलियन डॉलरवर घेतलं, नवा क्वार्टरबॅक जेजे मॅकार्थीचा गुडघा प्रीसीझनमध्येच गेला त्यामुळे अख्खा सीझन डार्नल्डच खेळला, 17 पैकी 14 मॅच जिंकल्या, मग शेवटच्या मॅचला डेट्रॉइटकडून आणि लगेच प्लेऑफमध्ये रॅम्सकडून सपाटून मार खाल्ला आणि आमच्या लोकांनी त्याला जाऊ दिलं. तो गेला सिएटलला आणि फेब्रुवारी 2026 मध्ये सुपर बोल (लीगची फायनल) घेऊन बसला 😐 ऑफिसात लंचला दुसरा विषय नाही. क्वार्टरबॅक धड वाईट नाही धड भारी नाही, तर करायचं काय?

खडूस_काका:
बदलायचा. कॅन्सस सिटीचा ॲलेक्स स्मिथ आठवा. 2017 ला 26 टचडाऊन (बॉल शेवटच्या रेषेपार नेणं), फक्त 5 इंटरसेप्शन (समोरच्यांनी झेललेले पास), पासर रेटिंगमध्ये लीगमध्ये पहिला, आणि प्लेऑफमध्ये घरच्या मैदानावर टायटन्ससमोर 21-3 पुढे असताना कॅन्सस सिटी 22-21 हरली. पण त्यांच्या कोच अँडी रीडने त्याच वर्षीच्या एप्रिलच्या ड्राफ्टमध्ये (कॉलेजची पोरं टीम पाळीपाळीने निवडतात तो) 27 वरून 10 व्या नंबरवर उडी मारून क्वार्टरबॅक माहोम्सला उचललेलं, त्यासाठी पुढच्या वर्षीचा फर्स्ट राउंड पिक (पहिल्या फेरीतली निवडायची पाळी) पण देऊन टाकला. पोराला वर्षभर बाकावर बसवलं आणि 2018 मध्ये त्याने 50 टचडाऊन मारले. स्मिथलाच धरून बसले असते तर दर जानेवारीत हात हलवत घरी.

बे_एरियातली:
काका, तुम्ही लॉटरी लागलेल्याचंच उदाहरण देताय हो. आमचं, सॅन फ्रान्सिस्को 49र्सचं, ऐका. फेब्रुवारी 2020 चा सुपर बोल, समोर तुमचा माहोम्सच, आम्ही 24-20 मागे, दीडेक मिनिट उरलेलं, आमचा इमॅन्युएल सँडर्स डिफेन्सच्या मागे मोकळा धावतोय आणि आमचा क्वार्टरबॅक गारोपोलो, त्याचा बॉल त्याच्या डोक्यावरून पार पुढे. तो थ्रो मला अजून दिसतो. मग 2021 मध्ये तीन फर्स्ट राउंड पिक देऊन ट्रे लान्स हा नवा क्वार्टरबॅक आणला. आमच्याकडे किती मॅच स्टार्ट केल्या त्याने? चार! 2023 ला डॅलसने चौथ्या राउंडच्या एका पिकवर नेला. निस्तरलं कोणी तर ब्रॉक पर्डीने, 2022 च्या ड्राफ्टमधला 262 वा, म्हणजे अगदी शेवटचा. गारोपोलोला बदलायला माझी ना नव्हती, पण हातात काय आहे ते न बघता बदलायचं म्हणजे नुसती हौस.

कॅपवाला:
तुम्ही सगळे खेळावर बोलताय, पैशाचं कोण बोलणार? 2025 ला सॅलरी कॅप 279.2 मिलियन, त्यातच सगळी टीम बसवायची. सिएटलने डार्नल्डला 3 वर्षांचे 100.5 मिलियन लावले, मॅकार्थीचे 4 वर्षांचे मिळून साधारण 22. वाचलेल्या पैशात वायकिंग्जनी क्वार्टरबॅकला वाचवणारे लाइनमन रायन केली आणि विल फ्राइज आणले, आणि ते हवेच होते कारण रॅम्सनी त्या मॅचमध्ये डार्नल्डला 9 वेळा आडवा केला होता (अर्थात तोही बॉल धरून उभाच राहायचा, एकदा तर हातातून सुटला आणि जॅरेड व्हर्स 57 यार्ड पळत जाऊन टचडाऊन करून आला). माझ्या मते साधारण क्वार्टरबॅक स्वस्तात मिळत असेल तर खुशाल ठेवा. साधारणला भारीचा पगार दिला की टीम बुडाली. जायंट्सनी 2023 मध्ये डॅनियल जोन्सला 4 वर्षांचे 160 मिलियन कबूल केले, नोव्हेंबर 2024 ला सोडून दिला.

मिनेसोटाकर:
@कॅपवाला म्हणजे गणित आमचं बरोबर आणि कप त्यांच्याकडे 😂

खडूस_काका:
अहो पण सिएटलने तरी काय केलं? डार्नल्डला आणायच्या आधी जीनो स्मिथला तिसऱ्या राउंडच्या पिकवर रेडर्सकडे धाडला. जीनो पण तसलाच, ना वाईट ना भारी. शेवटी त्यांनीही बदललाच की!

बे_एरियातली:
बदलला, पण ड्राफ्टमधलं कोवळं पोर आणून नाही, नुकत्याच 14 मॅच जिंकून आलेल्या माणसाला आणून. आणि त्याच्या जोडीला कोच मॅकडोनल्डचा डिफेन्स, सुपर बोलमध्ये पॅट्रियट्सना 13 वर अडवलं त्यांनी. तसला डिफेन्स असेल तर क्वार्टरबॅकने बॉल समोरच्याच्या हातात दिला नाही तरी पुष्कळ झालं.